जूनमधला लाल चतुर

नेदरलँड्समधल्या ब्रेडाला येऊन वर्ष होत आलं तरी मला डचमध्ये फक्त भाजी विकत घेता यायची. नवऱ्याला त्या भाषेची गरजच नव्हती. तो एका मालवाहतूक कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम करायचा, ऑफिसात सगळे इंग्रजी बोलायचे आणि घरी आला की माझ्याशी मराठी बोलून तो मोकळा. मी पुण्यात एका कॉलेजात सहा वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. ती नोकरी सोडून त्याच्यामागे इथे आले होते आणि दिवसभर घरी बसून होते. भाषावर्गातल्या बाई दर आठवड्याला तेच सांगायच्या, "पुस्तकातून भाषा येत नाही. कुठल्या तरी मंडळात जा." त्यांच्याकडे मंडळांची यादीच होती. मला गाता येत नाही, हॉकी खेळता येत नाही, ब्रिज कळत नाही. उरलं निसर्गमंडळ.

तिथे पक्षीवाले वेगळे, फुलपाखरंवाले वेगळे आणि चतुर मोजणारा सहा-सात जणांचा एक छोटा गट वेगळा. पाण्याकाठच्या या किड्यांत पंख पसरून बसतात ते चतुर आणि त्यांच्याहून नाजूक, बसताना पंख मिटून घेतात त्या टाचण्या. बी.एस्सी.च्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवत असे. त्यामुळे मला वाटलं, चला, इथे निदान विषय तरी ओळखीचा आहे.

विषय ओळखीचा होता, बाकी काही नव्हतं. मोजायचं ते दहा ते चारमध्येच. ऊन हवं, वारा नको. ठरलेल्या शंभर मीटरच्या पट्ट्यावरून ठरलेल्या वेगाने चालायचं. मागे उडालेला मोजायचा नाही, पुढचाच मोजायचा. मी दोनदा विचारलं, "मागे वळून बघितलं आणि तिथे काही वेगळंच असलं तर?" उत्तर आलं, "मग ते बघा, पण मोजू नका." असा देश.

ती २००६ सालची गोष्ट. जूनमध्ये फुटबॉलच्या विश्वचषकामुळे गल्लीगल्लीत नारिंगी पताका लागलेल्या होत्या. एका दुपारी मी सायकल काढून शहराबाहेरच्या एका तळ्यावर गेले. तळं कसलं, वाळू काढून काढून झालेला मोठा खड्डा, त्यात पाणी साचलेलं. एका कडेला बोरूचं बेट, दुसऱ्या कडेला गळ टाकून बसलेली माणसं. मी मोजायला गेले नव्हते. घरात जीव रमत नव्हता म्हणून गेले होते.

काठाशी एक वाळलेली काडी पाण्यातून वर आली होती. तिच्या टोकावर एक चतुर होता. लालभडक. नुसतं अंग नाही, तोंड लाल, पाय लाल, सगळंच मिरचीसारखं. मी जागच्या जागी थांबले. याचा सख्खा भाऊ म्हणावा असा चतुर मी पुण्यात शेकडो वेळा पाहिला होता. विहिरीवर, भाताच्या खाचरात, आमच्या कॉलेजमागच्या डबक्यावरसुद्धा. तसंच चपटं पोट आणि मागच्या पंखांच्या मुळाशी तसाच पिवळट डाग. इथलाही लाल चतुर असतो, पण त्याला कंबर असते, पाय काळे असतात आणि जूनमध्ये तो अजून लाल झालेलाच नसतो. हा तो नव्हता. हा दक्षिणेकडचा, गरम मुलखातला. गटातल्या कुणाच्या बोलण्यात त्याचं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. तो उडाला, एक फेरी मारून परत त्याच काडीवर आला. अर्धा तास मी तिथे उभी होते. पायाला मुंग्या आल्या तेव्हा निघाले.

घरी येऊन मी फॉर्म भरला. तारीख, वेळ, जागा, जातीचं नाव, एक नर, पाय लाल, काडीवर बसलेला. आठ दिवसांनी ई-मेल आली. पाठवणारे होते गटातल्या नोंदी तपासणारे गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर जमिनीची मोजणी केली होती आणि निवृत्त झाल्यावर चतुरांची मोजणी धरली होती. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या उत्साहाबद्दल धन्यवाद. तुम्ही बहुधा आपला नेहमीचा लाल चतुर पाहिला असावा. नवशिक्यांचा इथे बरेचदा घोटाळा होतो.

नवशिक्या!

मी ती ई-मेल नवऱ्याला वाचून दाखवली. तो जेवत होता.

"बरोबर आहे की," तो म्हणाला. "तू नवीनच आहेस त्या गटात."

"गटात नवीन आहे. चतुरात नाही."

"त्यांना ते कसं कळणार?"

"मी लिहिलंय ना पाय लाल आहेत म्हणून! काळे पाय आणि लाल पाय यातला फरक कळायला काय पीएच.डी. लागते?"

"अगं, मग तसं कळव त्यांना."

मी कळवलं. इंग्रजीत दोन पानं लिहिली. पोटाचा आकार, पंखावरचा डाग, तोंडाचा रंग, महिना. त्यावर तीन ओळींचं उत्तर आलं. माहिती चांगली आहे, फोटो आहे का? फोटो नसेल तर नोंद 'शक्य' या रकान्यात जाईल.

फोटो नव्हता, कारण कॅमेरा नवऱ्याचा होता. तो त्याने आदल्या दिवाळीत घेतला होता आणि तेव्हापासून तो कपाटातल्या वरच्या खणात एका मऊ पिशवीत, त्या पिशवीबाहेर आणखी एका पिशवीत राहत असे. पाण्याजवळ तो न्यायचा नाही, वाळूजवळ तर नाहीच. आणि माझं तळं म्हणजे वाळू आणि पाणी यांखेरीज काही नाही.

शेवटी तो स्वतः यायला तयार झाला. कॅमेऱ्यापायी आला, माझ्यासाठी नाही. जुलै नुसता भाजून काढत होता. लोक कारंज्यात पाय सोडून बसायचे, दुकानांतले पंखे संपले होते. अशा उन्हात आम्ही दोघं सलग तीन रविवार त्या वाळूत ओणवे होऊन बसलो. चतुर यायचा, काडीवर बसायचा. नवरा श्वास रोखून बटण दाबायचा. त्या कॅमेऱ्याची खोड अशी की बटण दाबलं की तो आधी विचार करायचा. एक सेकंद, सव्वा सेकंद. मग खट् आवाज. तोवर काडी रिकामी. तीन रविवारांत रिकाम्या काड्यांचे सत्तरेक फोटो जमले. काही फोटो उत्तम होते. काडी अगदी स्वच्छ दिसायची.

"आधीच दाब ना बटण," मी म्हटलं.

"आधी म्हणजे कधी? तो येणार हे मला कसं कळणार?"

"तो तिथेच येतोय ना प्रत्येक वेळी!"

"मग तू काढ."

मी हात पुढे केला. त्याने कॅमेरा दिला नाही. तिसऱ्या रविवारी लेन्सचं झाकण पाण्यात पडलं. ते काढायला तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि बुटांत चिखल भरून वर आला. तेवढ्यात पलीकडचा गळवाला माणूस उठून तरातरा आमच्याकडे आला. आम्ही त्याचे फोटो काढतोय असं त्याला वाटलं होतं. मी माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं, तुमचे नाही, चतुराचे. तो म्हणाला, "कुठला चतुर?" चतुर अर्थातच तेव्हा तिथे नव्हता. नवऱ्याने त्याला सगळे फोटो दाखवले. एकामागून एक रिकाम्या काड्या बघून तो माणूस परत जाऊन बसला.

संध्याकाळी आईचा पुण्याहून फोन आला.

"काय चाललंय गं?"

"काही नाही. चतुर बघतेय."

"कोण चतुर?"

"अगं, उडणारा चतुर. पाण्यावरचा."

मग आई म्हणाली, "जावईबापू आहेत का घरात? त्यांना दे."

ऑगस्ट लागला आणि पाऊस सुरू झाला. चारदोन सरी नव्हे, अख्खा महिना. मी खिडकीशी बसून चिडत राहायचे. ई-मेलवर मी त्या गृहस्थांना तीनदा लिहिलं, तुम्ही स्वतः चला, मी दाखवते. दोनदा त्यांनी हवामानाचं कारण सांगितलं. ते खरं होतं, म्हणून आणखी राग आला. तिसऱ्यांदा ते हो म्हणाले. महिन्याच्या शेवटी एक दिवस ऊन पडलं आणि सकाळी साडेनऊला त्यांचा फोन आला, "आज जाऊ. दहाला तळ्यावर."

मी पोचले तेव्हा ते आधीच उभे होते. ताडमाड उंच, पँट बुटांत खोचलेली, गळ्यात दुर्बीण, हातात लांब दांड्याची जाळी, पाठीला थर्मास. मला बघून त्यांनी घड्याळ बघितलं. मी चार मिनिटं उशिरा आले होते.

आता माझी खरी पंचाईत झाली. जूनमध्ये तळ्यावर तो एकटाच लाल होता. ऑगस्टअखेरीस इथला नेहमीचा चतुरही लाल होतो. सगळं तळं लाल चतुरांनी भरलेलं होतं. गवतावर, बोरूवर, वाळूवर, त्यांच्या टोपीवरसुद्धा.

"हा?" ते बोट दाखवून विचारायचे.

"नाही."

"हा?"

"नाही. याचे पाय काळे आहेत."

"हा?"

"नाही."

दीड तास हे चाललं. ते चिडले नाहीत, मीच चिडत होते. आपल्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाचा महिन्यातला एकमेव उन्हाचा दिवस फुकट चाललाय असं मला वाटत होतं आणि ते वाटू नये म्हणून मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होते. साडेअकराला त्यांनी थर्मास उघडला. कॉफी दिली, चीज घातलेला ब्रेड अर्धा तोडून दिला. मी म्हटलं, मी सहा वर्षं हा विषय शिकवत होते. ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही." ते थोडा विचार करून म्हणाले, "फॉर्ममध्ये तो रकाना नाही."

मी ब्रेड खाल्ला.

बाराच्या सुमारास तो आला. बोरूच्या बेटाकडून सरळ, पाण्याला जवळजवळ घासून आला आणि किनाऱ्यापासून दोन हातांवर एका मोडक्या बोरूवर बसला. मी काही बोलायच्या आतच त्यांनी जाळी उचलली आणि हाणली. जाळी पाण्यात आपटली आणि चतुर गेला. ते डचमध्ये काहीतरी पुटपुटले. भाषावर्गात तो शब्द आम्हाला शिकवलेला नव्हता.

"तो परत येईल," मी म्हटलं. "तुम्ही हलू नका. जाळी खाली ठेवा."

त्यांनी ठेवली. तो परत आला. मी चप्पल काढली, पाण्यात उतरले. लहानपणी आमच्या घराजवळच्या कॅनॉलवर आम्ही पोरं दुपारभर हेच करायचो. समोरून जायचं नाही, मागून जायचं. सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. हात पुढे न्यायचा तो इतका सावकाश की आपल्यालाच कळू नये. मग दोन बोटांची कात्री करून, चारही पंख एकत्र, अलगद. मला तेहतिसावं वर्ष लागलं होतं आणि कमरेत उसण भरलेली होती. पण बोटांना आठवत होतं. पंख बोटांत आले तेव्हा ते थरथरले, कागद फडफडावा तसा आवाज झाला.

मी वळले. ते काठावर आ वासून उभे होते.

"तुम्ही त्याला इजा करताय," ते म्हणाले.

"नाही करत. भिंग काढा. लवकर."

त्यांनी भिंग काढलं. वाकले. माझ्या हातावर त्यांचा श्वास लागत होता. आधी पाय बघितले, एकेक करून सगळे. मग पोट वरून, मग बाजूने. मग पंखाच्या मुळाशी. मी म्हटलं, "कंबर आहे?" ते म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "पाय?" ते म्हणाले, "लाल." भिंग त्यांनी पुन्हा एकदा पायांवर नेलं. मग म्हणाले, "या." डचमध्ये हो म्हणजे 'या'. तेवढंच. खिशातून छोटा कॅमेरा काढून त्यांनी माझ्या बोटांतल्या चतुराचा फोटो घेतला. फोटो बटण दाबताक्षणी निघाला. मी बोटं सैल केली. चतुर क्षणभर माझ्या अंगठ्यावरच बसला, मग गेला.

ते वहीत लिहायला लागले. माझं आडनाव त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा मी सांगितलं.

"आणि जूनची नोंद?" मी विचारलं.

"आज मी पाहिलं ते आज पाहिलं," ते म्हणाले. "जूनमध्ये मी पाहिलेलं नाही."

"पण मी पाहिलं होतं! हाच!"

"हाच नसेल. इतके महिने एक चतुर जगत नाही."

"हाच म्हणजे याच जातीचा! तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय."

"कळतंय," ते शांतपणे म्हणाले. "पण त्याला पुरावा नाही."

मी ओल्या पायांत चप्पल घातली आणि त्यांना नीट निरोपही न देता सायकलवर बसले. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला बोटांनी चतुर पकडल्याचंच कौतुक. "मला का नाही सांगितलंस आधी? उगाच तीन रविवार घालवले," तो म्हणाला. मला त्या वेळी त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, पण तो म्हणत होता ते खरंच होतं. मला ते आधी सुचलंच नव्हतं. पुरावा म्हणजे फोटो, असं त्यांनी म्हटलं आणि मीही तेच धरून बसले होते.

हिवाळ्यात मंडळाचा वार्षिक अहवाल पोस्टाने आला. सातव्या पानावर माझी दोन बोटं छापलेली होती, नखाला हळद लागलेली. खाली आडनाव होतं, त्यातलं एक अक्षर गाळलेलं आणि एक जास्तीचं घातलेलं. त्या तळ्यावरची या जातीची पहिली नोंद, ऑगस्ट. आणि पुढे एका ओळीत, जून, शक्य, प्रश्नचिन्ह.

नवरा म्हणाला, "सोडून दे आता. फोटो आलाय की."

जानेवारीत एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची सभा होती. प्रत्येकाला एक कप कॉफी आणि एकच बिस्किट. त्या गृहस्थांनी पडद्यावर आकडे दाखवले, माझी बोटं दाखवली, लोकांनी माना डोलावल्या. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी म्हटलं. मी उभी राहिले. डचमध्ये बोलायचं असं मी घरून ठरवून, पाठ करून आले होते. मी म्हटलं, चतुर जूनमध्ये होता. मी पाहिला. मी खोटं सांगत नाही. यापुढचं पाठ केलेलं सगळं विसरले आणि तशीच उभी राहिले. कान तापले होते.

ते म्हणाले, "कुणी खोटं म्हटलेलं नाही. पण दुसऱ्या कुणी पाहिल्याची नोंद नाही."

तेव्हा मागच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला. सत्तरीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई. त्या फुलपाखरांच्या गटातल्या, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मी पाहिला होता," त्या म्हणाल्या. "जूनच्या शेवटी. त्याच तळ्यावर. सगळा लाल."

हॉलमधली माणसं मागे वळली.

"मग कळवलं का नाहीत?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"तू फोटो मागितला असतास," बाई म्हणाल्या.

सगळे मोठ्याने हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. ते मानेपर्यंत लाल झाले. पण त्यांनी खिशातून वही काढली आणि बाईंना तारीख विचारली. बाईंनी घरी डायरीत बघून सांगते म्हटलं. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन साक्षीदार. 'शक्य'चं 'बहुधा' करता येईल."

"खात्रीचं का नाही?" मी विचारलं.

"त्याला पुरावा लागतो."

मी खाली बसले. माझं बिस्किट कुणीतरी खाऊन टाकलं होतं.

बाहेर पाऊस लागला होता. त्या बाईंनी आपल्या गाडीत माझी सायकल मागे कशीबशी कोंबली, तिचं पुढचं चाक बाहेर लोंबत राहिलं, आणि त्या मला घरी सोडायला निघाल्या. वाटेत मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं तो वेगळा आहे म्हणून? त्या म्हणाल्या, मला काहीच कळलं नाही, मला फक्त तो इतका लाल दिसला की मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि तो म्हणाला, असेल काहीतरी. एवढं सांगून त्या सिग्नलला थांबल्या आणि म्हणाल्या, "उन्हाळ्यात मला ते बोटांनी धरायचं शिकवशील का?"

मी हो म्हटलं. आणि मग घर येईपर्यंत आम्ही दोघींनी मिळून त्या गृहस्थांना भरपूर नावं ठेवली. माझं डच त्या वीस मिनिटांत जेवढं सुधारलं तेवढं वर्षभरात सुधारलं नव्हतं.